चित्रातील उजेडाचा हिशेब

चित्राविषयी बोलायची वेळ आली की आपण बहुधा रंगांविषयी बोलतो. 'रंगसंगती सुरेख आहे', 'रंग जरा भडक वाटतात', 'तो निळा काय छान उतरला आहे!' अशी वाक्ये कोणत्याही प्रदर्शनात कानांवर पडतात. प्रेक्षक थोडा जाणकार असला तर रेषेविषयी बोलतो. परंतु चित्रातला कोणता भाग किती उजळ आणि कोणता किती गडद ठेवला आहे, याविषयी सहसा कोणी चकार शब्द काढीत नाही. वास्तविक दालनाच्या दुसऱ्या टोकावरून चित्र पाहिले तर प्रथम डोळ्यांत भरते ते हेच. माणूस बसला आहे की उभा आहे, सकाळ आहे की तिन्हीसांज, नजर आधी कोठे जायची, या गोष्टी पुष्कळदा उजळ-गडदाच्या मांडणीने ठरून गेलेल्या असतात. मग आपण जवळ जातो, रंग पाहतो आणि सारे श्रेय रंगाला देऊन मोकळे होतो.

चित्रकार याला इंग्रजीत 'व्हॅल्यू' किंवा 'टोन' म्हणतात. मराठीत यासाठी 'छायाभेद' हा शब्द आहे. कोणी नुसते 'छटा' म्हणतात. शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून येथे थोडा खुलासा करतो. लाल, पिवळा, निळा हे झाले रंगाचे कुळ. तोच रंग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या शिडीवर कोणत्या पायरीवर बसतो, ही त्याची छटा. लिंबाचा पिवळा या शिडीवर वरच्या बाजूला बसतो, तर पिकलेल्या जांभळाचा रंग अगदी खाली. जास्वंदीच्या फुलाचा लाल आणि तिच्या पानाचा हिरवा हे कुळाने एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे; पण छटेच्या शिडीवर ते पुष्कळदा शेजारी निघतात. फुललेल्या जास्वंदीचे काळे-पांढरे छायाचित्र पाहिले तर फुले पानांत हरवून गेलेली दिसतात, ती त्यामुळेच.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, छायाभेद म्हणजे चित्र पुरे होत आल्यावर त्यावर करायची घासाघीस नव्हे. हाताशी असलेला उजेड कोठे खर्च करायचा आणि कोठे राखून ठेवायचा, याचा तो निर्णय असतो. चित्राला जे म्हणायचे असते ते बऱ्याच अंशी या निर्णयातच साठवलेले असते.

'शेडिंग'चा समज

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या असतील. स्थिरचित्राच्या पेपरात समोर तांब्या किंवा माठ, एखादे फळ, मागे घडी पडलेला कपडा. आधी बाह्यरेषा काढायची, ती पुन्हापुन्हा पुसून 'फिनिश' करायची आणि मग एका कडेने पेन्सिल घासत आत आणायची, बोटाने किंवा कापसाने ती घोटायची, की 'शेडिंग' झाले! असा समज पक्का करूनच आपण तेथून बाहेर पडतो. तांब्या पितळेचा असो, माठ मातीचा असो की फळ वांगे असो, सर्वांची डावी कड काळी आणि मध्यभाग पांढरा. पांढऱ्या कपड्यावरची सावली काळ्याभोर वांग्याच्या उजळ भागापेक्षा गडद आहे की फिकी, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. प्रत्येक वस्तू आपल्यापुरती गोल होते. पण साऱ्या वस्तू एका खोलीत, एका खिडकीच्या उजेडात ठेवलेल्या आहेत असे काही वाटत नाही.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, वस्तूच्या अंगची छटा. कोळसा काळा, पीठ पांढरे. दुसरी, तिच्यावर पडलेल्या उजेडाने आलेली छटा. डोळ्यापर्यंत पोचतो तो या दोहोंचा गुणाकार; आणि येथेच आपले ज्ञान आपल्याला फसवते. भर दुपारी अंगणात उघडून ठेवलेली काळी छत्री आणि आत माजघरातली पांढरी भिंत यांत अधिक उजळ काय, असे विचारले तर आपण विचार न करता भिंत म्हणू. प्रत्यक्षात उन्हातली छत्री त्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीपेक्षा कितीतरी पट अधिक उजेड डोळ्याकडे पाठवते. 'भिंत पांढरी आहे' हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून ती पांढरी दिसते. चित्रकाराला आधी हे ठाऊक असणे बाजूला ठेवावे लागते. चित्रकलेचे शिक्षक 'डोळे किलकिले करून बघा' असे सांगतात, त्यामागचे इंगित हेच आहे. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील पुसट होतात, वस्तूंची नावे गळून पडतात आणि उजळ-गडदाचे तेवढे चार-पाच मोठे तुकडे शिल्लक राहतात.

तुटपुंजी पुंजी

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. निसर्गात जेवढा उजेड आहे तेवढा कागदावर उतरवताच येत नाही.

चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ८० ते ९० टक्के उजेड परत पाठवतो. आपण ज्याला अगदी काळा म्हणतो तो मॅट रंगसुद्धा ४-५ टक्के उजेड परत पाठवतोच. म्हणजे चित्रकाराजवळ सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांत जेमतेम वीसपटीचा फरक असतो. उलट उन्हातले अंगण आणि उघड्या दारातून दिसणारा घरातला कोपरा यांत हजारो पटींचा फरक असू शकतो. सूर्यबिंबाचे तर नावच नको. हजारांचा व्यवहार विसांत बसवायचा, अशी ही चित्रकाराची स्थिती आहे.

मग सूर्योदयाची, दिव्यांची, चमचमत्या पाण्याची चित्रे निघतात तरी कशी? याचे उत्तर आपल्याला संगीतात सापडेल. गायकाची पट्टी काळी चार असो की पांढरी दोन, त्याने तेथे षड्ज धरला की बाकीचे स्वर षड्जाच्या नात्याने लागतात. राग ओळखण्यासाठी ऐकणाऱ्याला कंपनसंख्या मोजावी लागत नाही. स्वरांमधली अंतरे बिनचूक असली की पुरते. छटांचेही तसेच आहे. एकटी छटा उजळही नसते आणि गडदही नसते. शेजारच्या छटेच्या नात्यानेच ती उजळ किंवा गडद ठरते. चित्रकार निसर्गातला उजेड उचलून आणीत नाही, त्यातली नाती आणतो, आणि तीही आपल्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत.

या नात्याची गोष्ट एका रंगाऱ्यांच्या कारखान्यात फार पूर्वीच लक्षात आली होती. मिशेल शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलॅं या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना वापरलेला काळा रंग दुबळा दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी काळ्या लोकरीची परीक्षा केली, तर रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. या शोधातून त्यांनी शेजारी रंगांच्या परस्परपरिणामांवर १८३९ साली एक मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढच्या पिढ्यांतील फ्रेंच चित्रकारांनी त्याचा बराच उपयोग केला. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ साली तयार केलेले बुद्धिबळाच्या पटाचे चित्र घ्या. त्यातले सावलीबाहेरचे एक काळे घर आणि सावलीतले एक पांढरे घर यांची छटा तंतोतंत एकच आहे. हे सांगूनही कोणाला पटत नाही. दोन घरे सोडून बाकीचे चित्र झाकावे लागते, तेव्हा कोठे खात्री पटते.

छटांची शिडी

नात्यांचा हा हिशेब नीट ठेवता यावा म्हणून चित्रकार छटांची शिडी वापरतात. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली आपली रंगपद्धती प्रसिद्ध केली. तीत त्यांनी रंगाचे कुळ, छटा आणि तीव्रता अशी तीन मापे एकमेकांपासून वेगळी केली. छटेच्या मापात ० म्हणजे पूर्ण काळा आणि १० म्हणजे पूर्ण पांढरा. यातील ५ या पायरीवरचा करडा, म्हणजे डोळ्याला बरोबर मधला वाटणारा करडा, निम्मा उजेड परत पाठवीत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो फक्त एक पंचमांशाच्या आसपास उजेड परत पाठवतो. आपला डोळा अंधाराच्या बाजूचे बारीक फरक अधिक चोखंदळपणे टिपतो, असा याचा अर्थ.

हे कोणालाही घरी करून पाहता येईल. पोस्टर कलरचा काळा आणि पांढरा समसमान मिसळला तर मधला करडा मिळत नाही, फारच गडद करडा मिळतो. पांढऱ्यात काळा थेंबाथेंबाने घालत नऊ चौकोनांची एक पट्टी तयार करावी. शेजारच्या कोणत्याही दोन चौकोनांतले अंतर सारखे वाटले पाहिजे. दिसायला क्षुल्लक असलेले हे काम पहिल्या बैठकीत कोणाला साधत नाही. परंतु ते एकदा साधले की पुढे कोणताही रंग पाहताना डोळा आपोआप विचारू लागतो, हा कितव्या पायरीवरचा?

या शिडीच्या आधारे तो शाळेतला माठ पुन्हा पाहू. खिडकीच्या बाजूला त्याचा उजळ भाग, त्यात कोठेतरी एक चमक; मग वळणावर मधल्या छटा; नंतर उजेड जेथून पुढे पोचत नाही तेथे सर्वांत गडद पट्टा. मात्र अगदी कडेला पुन्हा थोडा उजळपणा येतो, कारण टेबलावरून आणि भिंतीवरून परतलेला उजेड तेथे पोचतो. शेवटी माठाची टेबलावर पडलेली पडछाया. नवशिक्याला तो कडेचा परावर्तित उजेड दिसला की फार आनंद होतो आणि तो त्याला वाजवीपेक्षा अधिक उजळ करतो. मग माठ मातीचा न वाटता पत्र्याचा वाटू लागतो. साधा नियम असा की, सावलीच्या मुलखातली सर्वांत उजळ छटा उजेडाच्या मुलखातल्या सर्वांत गडद छटेपेक्षा खालीच राहिली पाहिजे. ही सीमा सांभाळली की अवघ्या तीन-चार छटांत घनता येते. ती ओलांडली की तीस छटा वापरूनही येत नाही.

आपल्याकडील वर्तना

छायाभेद ही पाश्चात्त्यांची देणगी, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. एका ठरावीक दिशेने येणारा उजेड आणि त्याची पडछाया यांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु उजळ-गडदाने उठाव आणण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात याला 'वर्तना' म्हटले असून तिचे तीन प्रकार दिले आहेत : पानावरील शिरांसारख्या रेषांनी केलेली ती पत्रज, अत्यंत सूक्ष्म अशी ती ऐरिक आणि बिंदूंनी केलेली ती बिंदुज. कोणाला चित्रात काय आवडते, हेही या ग्रंथाने सांगितले आहे. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, विचक्षण लोक वर्तनेची, आणि रंगांची समृद्धी आवडते ती बाकीच्या जनांना, असा त्याचा आशय आहे. आपण प्रदर्शनात रंगांविषयीच का बोलतो, याचे उत्तर त्या ग्रंथकाराने केव्हाच देऊन ठेवले आहे!

ही वर्तना प्रत्यक्ष पाहायची असेल तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहावे. तेथे कोणत्याही खिडकीतून उजेड आलेला नाही. चेहऱ्याच्या आणि अंगाच्या कडांकडे छटा गडद होत गेली आहे, आणि नाक, हनुवटी यांसारख्या पुढे आलेल्या भागांवर ती उजळ केली आहे. उजेड बाहेरून पडलेला नसून जणू अंगातूनच उमलून आला आहे. त्यामुळे वेळ सकाळची की रात्रीची हा प्रश्नच उरत नाही, आणि त्या मुद्रेला जी शांतता हवी होती ती मिळते. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. एका बाजूला वर्गात युरोपीय पद्धतीची छाया आणि दुसऱ्या बाजूला लेण्यातली वर्तना, असा दोन्ही प्रकारचा अभ्यास त्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला असला पाहिजे.

बिंदुज वर्तना तर नकळत आपल्या घराघरांत पोचली. जुन्या मासिकांतील हाफटोन ब्लॉकने छापलेले छायाचित्र भिंगाखाली धरून पाहा. शाई एकच, निव्वळ काळी; करडा रंग कोठेच नाही. लहानमोठ्या ठिपक्यांनी सगळे करडे निर्माण केलेले असतात. साधन यांत्रिक असले, तरी डोळ्याला पटवण्याची युक्ती तीच.

उजेड कोणावर टाकायचा?

पुंजी थोडी असली की ती कोणावर खर्च करायची हे ठरवावे लागते. चित्रकलेच्या इतिहासातील काही थोर चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याने १५९९-१६०० च्या सुमारास रोममधील एका चर्चसाठी संत मॅथ्यूला आलेल्या हाकेचे चित्र रंगवले. एका सामान्य खोलीत कर गोळा करणारे लोक टेबलाभोवती पैसे मोजत बसले आहेत. उजव्या बाजूने येशू आत आला असून त्याने हात पुढे केला आहे. चित्रात एक खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो येशूच्या डोक्यावरून तिरपा येऊन त्या बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पडतो. येशू स्वतः बराचसा अंधारात आहे. चेहऱ्याचा काही भाग आणि तो हात एवढेच उजळलेले आहे. देवपुत्राला सावलीत ठेवून हिशेबाच्या पैशांवर बसलेल्या माणसांना उजेड द्यायचा, हा निर्णय रंगाचा नाही. ते चित्र काळ्या-पांढऱ्यात छापले तरी त्याचा अर्थ पूर्ण शाबूत राहतो.

रेम्ब्रांच्या १६४२ सालच्या सुप्रसिद्ध चित्राची कथा तर उद्‌बोधक आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या नागरिक-सैनिकांची तुकडी बाहेर पडते आहे, असा त्याचा विषय. पुढे दोन अधिकारी : एक काळ्या पोशाखातला, दुसरा फिक्या पिवळ्या. काळ्या पोशाखातल्या कप्तानाच्या पुढे केलेल्या हाताची सावली दुसऱ्याच्या पिवळ्या अंगरख्यावर स्पष्ट पडलेली आहे. प्रसंग दिवसाचा आहे. परंतु वर्षानुवर्षे चढलेले व्हार्निश काळवंडत गेले, साऱ्या छटा खाली उतरल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लोक त्या चित्राला 'नाइट वॉच', म्हणजे रात्रीचा पहारा, असे म्हणू लागले. विसाव्या शतकात, १९४० च्या दशकात, ते व्हार्निश काढले तेव्हा दिवस पुन्हा उजाडला. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. चित्रातली एकही रेषा हलली नव्हती. केवळ छटा बदलल्या आणि दिवसाची रात्र झाली.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे सावंतवाडीचे सुपुत्र सा. ल. हळदणकर यांचे, हाती दिवा घेतलेल्या तरुणीचे चित्र. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. पाहणारे पुष्कळदा ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. प्रत्यक्षात ते जलरंगातले आहे, आणि तरुणी म्हणून हळदणकरांची कन्या गीता हिनेच मॉडेलचे काम केले होते. जलरंगाची शिस्त कडक. तेथे सर्वांत उजळ छटा म्हणजे कागदाचा कोरेपणा. तो एकदा गेला की परत मिळणे कठीण. ज्योत कागदापेक्षा अधिक उजळ करणे अशक्य. मग ती जळते आहे असे का वाटते? कारण बाकी साऱ्या चित्रावर संयम ठेवला आहे. तरुणीने हाताचा आडोसा करून ज्योत झाकली आहे. ज्योतीचा उजेड आपल्याला बोटांतून आणि चेहऱ्यावरून कळतो. पार्श्वभूमी, साडीचा लांबचा भाग हे सारे खालच्या पायऱ्यांवर ठेवले आहे. दिवा उजळ करण्याचा एकच मार्ग होता, भोवतालचा अंधार नीट मोजून घालणे, आणि हळदणकरांनी तो मोजून घातला आहे.

ज्यात रंगच नाही त्या माध्यमात तर सगळा भार छटांवर येतो. गुरुदत्त यांच्या १९५९ सालच्या 'कागज के फूल' या चित्रपटात स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा प्रकाशाचा जो झोत आहे, तो छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचे ऊन आरशांवरून परावर्तित करून आत आणला होता. नायक-नायिका त्या झोताच्या दोन बाजूंना उभी राहतात. त्यांच्यातले अंतर संवादांपेक्षा त्या उजेडानेच अधिक कळते. पिकासोचे 'गेर्निका' घ्या. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले. त्याच वर्षी पिकासोने सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद असे हे चित्र काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांत रंगवले. एवढ्या मोठ्या संहाराच्या चित्रात रक्ताचा लाल कोठेही नाही. लालाने चित्र भयंकर झाले असते; परंतु वर्तमानपत्रातील बातमीचा तो कोरडा, नाकारता न येणारा पुरावा त्यात राहिला नसता, असे मला वाटते.

थोड्या खर्चातला संसार

वरील उदाहरणांवरून असा ग्रह होईल की, जितका विरोध मोठा तितके चित्र प्रभावी. तसे मुळीच नाही. हातातली सगळी पुंजी खर्च केलीच पाहिजे असे काही बंधन नसते.

क्लोद मोनेने १८७२ साली ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र काढले. 'इंप्रेशनिझम' या नावाचा उगम याच चित्राच्या शीर्षकात आहे. त्यातले नारिंगी सूर्यबिंब धुरकट निळ्या-करड्या आकाशात तळपताना दिसते. पण या चित्राची काळी-पांढरी प्रत पाहिली तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! सूर्य आणि आकाश यांचे कुळ वेगळे, पण छटा जवळपास एक. हार्वर्ड विद्यापीठातील मार्गारेट लिव्हिंगस्टन या मज्जाशास्त्रज्ञ विदुषीने याचे स्पष्टीकरण असे दिले आहे : मेंदूतील जो भाग वस्तूचे स्थान आणि हालचाल ठरवतो, तो उजळ-गडद यांवर विसंबतो, त्याला रंगाचे फारसे कळत नाही. त्याला सूर्य दिसत नाही, रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र दिसतो. म्हणून ते बिंब एका जागी न ठरता लुकलुकल्यासारखे वाटते. सूर्य उजळ करणे अशक्य होते, म्हणून मोनेने त्याला आकाशाच्याच पायरीवर बसवले, आणि तो सूर्य ठरला.

याच वाटेने आणखी पुढे गेलेले चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे २००१ मध्ये वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. रोलर आणि सुरी वापरून एकावर एक पातळ थर देत, मध्येच ते काढून टाकत, त्यांनी घडवलेल्या अनेक कॅनव्हासांवर एकाच रंगाच्या अगदी शेजारशेजारच्या छटा असतात. समोरून झरझर चालत गेलात तर भिंतीवर एक रंगीत पत्रा टांगला आहे असे वाटेल. थांबलात तर काही वेळाने आत काहीतरी तरंगू लागते, खोली येते, उजेड कोठून तरी झिरपू लागतो. आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसाजवळ आपण सरकून बसतो, तसा हा परिणाम आहे. येथे छटांमधले अंतर कमी ठेवून चित्रकाराने प्रेक्षकाकडून वेळ मागून घेतला आहे.

पाहणाऱ्यांसाठी थोडेसे

आपल्यातले सगळेच काही चित्रकार होणार नाहीत. परंतु चित्रे, चित्रपट, नाटके आपण सर्वच पाहणार आहोत. म्हणून दोन-तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात.

चित्रासमोर गेल्यावर आधी लांब उभे राहून डोळे किलकिले करावे आणि चित्रात उजळ, मधले व गडद असे किती मोठे तुकडे आहेत ते मोजावे. चांगल्या चित्रात ते बहुधा तीन ते पाच निघतात. मग सर्वांत उजळ जागा आणि सर्वांत गडद जागा एकमेकींना कोठे भिडतात ते शोधावे. चित्रकाराला आपली नजर बहुधा तेथेच हवी असते. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. चित्राच्या छायाचित्रातले रंग क्षणात काढून टाकता येतात. ते करून पाहावे आणि काय उरले, काय गेले, याचा विचार करावा. मात्र फोनचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद आणि कॅनव्हास देत नाहीत. शिवाय रंगाचे करड्यात रूपांतर करण्याची यंत्राची रीत आपल्या डोळ्यासारखीच असते असे नाही. म्हणून पडद्यावरच्या छटा अखेरच्या मानू नयेत. मूळ चित्र पाहण्याची संधी सोडू नये.

जे चित्रे काढतात त्यांनी रंगाची पेटी उघडण्यापूर्वी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर केवळ तीन छटांत त्याच विषयाची चार-पाच टिपणे करून पाहावीत. पहिल्या टिपणात उजेड खिडकीवर, दुसऱ्यात बसलेल्या म्हातारीच्या हातांवर, तिसऱ्यात रिकाम्या खुर्चीवर. विषय तोच, खोली तीच, पण पाहता पाहता तीन वेगळ्या गोष्टी तयार होतात. दारात उभा असलेला माणूस आल्याचे चित्र आहे की गेल्याचे, हेसुद्धा त्याच्या पाठीमागे उजेड ठेवला की पुढे, यावर पालटते.

'व्हॅल्यू' या शब्दाचा मराठीत 'मूल्य' असा शब्दशः अनुवाद केला की चित्रकार मंडळी हसतात, कारण चित्राच्या वर्गात तो शब्द ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. मला मात्र तो अनुवाद अगदीच चुकीचा वाटत नाही. काराव्हाज्जोने टेबलाभोवतीच्या करवसुली करणाऱ्यांना उजेड दिला. व्हॅन गॉगने १८८५ साली बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे चित्र काढताना अख्ख्या काळोख्या झोपडीत एकच दिवा टांगला आणि त्याचा उजेड त्या राबलेल्या चेहऱ्यांवर आणि हातांवर पाडला. वीसपटीच्या तुटपुंज्या पुंजीतून कोणाला किती द्यायचे हे ठरवताना, चित्रकाराच्या लेखी कोणाचे मोल किती, हेही आपोआप नोंदले जाते. पुढच्या वेळी चित्रासमोर उभे राहाल तेव्हा रंगांचे कौतुक अवश्य करा. पण त्याआधी घटकाभर हा हिशेब तपासून पाहा.